तिसऱ्या खेपेची खुर्ची

...आणि वर मलाच म्हणायचे, काका, उठा. आता काका कशाला उठतील? काका आत्ता कुठे टेकले होते! गुडघा जरा सरळ केला, पाठ भिंतीला लावली, खिडकीतला वारा कुठल्या बाजूने येतो ते बघून बूड जरा स्थिर केलं, की यायचेच, काका, उठा, या जागेवर तुमची तिसरी खेप झाली. तुम्ही आज पहिल्यांदाच आलात ना बैठकीला? या, या. बसा कुठेही. फक्त ती नको... ती लाल रेक्झिनची, खाली पायडल असलेली. तिची गोष्ट वेगळी आहे. बाई यायला अजून अवकाश आहे, तोवर सांगतो. मी तसा बोलणारा माणूस नाही, कुणालाही विचारा.

तुम्हाला सांगतो, मी जन्मभर एका कारखान्याच्या गेटवर बसलो. बसलो म्हणजे बसलोच! एक स्टूल, एक कोपरा, समोर दांडी, ती वर करायची आणि खाली करायची. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण माणूस बघायला शिकलो. मालक चार बदलले, कारखान्याचा रंग बदलला, स्टूल काही बदललं नाही. त्याच्यावर माझा आकार उठला होता, दुसरा कुणी बसला तर घसरायचा. अशा माणसाला म्हातारपणी दर आठवड्याला नव्या जागी बसवायचं, हा काय न्याय झाला? मला आपलं बसायचं असतं हो. बाकी माझं कुणाशी काही वाकडं नाही.

देवाशीसुद्धा नाही. लोकांना वाटतं, हा देव न मानणारा म्हणजे याने देवाशी भांडण काढलं असणार. कशाला भांडू? मी इतकी वर्षं गेटवर बसलो, येणारा-जाणारा एकेक जण नजरेखालून गेला, तो काही आला नाही. आला असता तर आत सोडला असता, दांडी वर करायला मला काय जड होतं? हेच मी एकदा सलूनवाल्याला सांगितलं, त्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या, तर त्याने कात्री थांबवली, आरशात माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "अरे, मग तू आमच्यातलाच की." आणि दाढीचा फेस अर्धा तसाच ठेवून मला या मंडळाची माहिती द्यायला लागला. अर्धी दाढी झालेला माणूस पळणार कुठे? असा मी इथे आलो.

मंडळ चांगलं आहे, उगाच नाव ठेवणार नाही. ज्यांना कुणी नाही अशा आजाऱ्यांजवळ दवाखान्यात पाळीने जाऊन बसतात. ते काम मला जमतं, कारण बसायचंच असतं. रक्त देतात. कुणी पोरगी घर सोडून आली तर तिला खोली बघून देतात, आणि मग महिनाभर त्या खोलीचे पडदे कसले हवेत यावर वाद घालतात. माणसं लाखमोलाची. पण बाई! बाई म्हणजे विज्ञान शिकवायच्या शाळेत, आता निवृत्त, आवाज अजून चालू नोकरीतला. या बाईंचा एक नियम आहे. कुठलीही गोष्ट दोनदा तशीच केली तर चालेल, तिसऱ्यांदा तशीच करायची नाही. का, तर तिसऱ्यांदा केली की तिची रूढी होते.

बाई काय सांगतात, ऐका. चष्मा असा नाकावर खाली ओढतात... "पहिल्या दिवशी कुणीतरी अंधार होता म्हणून दिवा लावला. दुसऱ्या दिवशी सवयीने लावला. तिसऱ्या दिवशी एक जण म्हणाला, आज उजेड आहे, दिवा कशाला? त्याला लोकांनी धरून मारलं. धर्म असा सुरू होतो, काका." आता हे ऐकायला मलाही पटलं. मान डोलावली. मान डोलावताना मला काय ठाऊक की हा नियम माझ्या बुडाखाली येणार आहे?

कारण मग सगळंच बदलायला लागलं ना! दोन बैठका छापखान्यावरच्या खोलीत झाल्या, तिसरी वकिलाच्या कचेरीत. दोनदा खुर्च्या गोल मांडल्या, मग रांगेत मांडल्या, मग रांग म्हणजे प्रार्थनेला बसल्यासारखं दिसतं म्हणून सगळ्यांच्या पाठी एकमेकांकडे. सबंध संध्याकाळ मी एका सुताराशी बोललो, त्याचं तोंड कसं आहे ते मला निघताना कळलं! चहा दोनदा झाला, मग कॉफी दोनदा, मग सरबत, आणि मग सगळं संपलं तेव्हा नुसतं गरम पाणी, तेही कपबशीतून, आणि सगळे फुंकर घालून पिताहेत. बैठक संपताना "बरंय, निघतो" म्हणायचो, तेही बंद. तर एकदा काय झालं, बैठक संपली हे कुणाला कळेच ना. मी आणि तो सुतार, दोघंच, बसून राहिलो. शेवटी झाडणारी बाई आली, पाय वर घ्या म्हणाली. मी पाय वर घेतले. मला काय, मला आपलं बसायचं होतं.

सलूनवाला हसायचा. हा नियम त्याच्या दुकानात कसा चालणार, असं तो बाईंना तोंडावर विचारायचा. एका माणसाचे केस दोनदा कापायचे आणि तिसऱ्यांदा वाढवून द्यायचे का? बाईसुद्धा हसायच्या. त्याच्यापुढे बाई हसायच्या, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तर हा सलूनवाला मोठा खटपट्या. आमच्या शहरात निरोपाचा हॉल आहे, सरकारी, माणूस गेला की त्याला तिथे तासभर ठेवतात, नातेवाईक जमतात. पण हॉल मिळायचा धर्मगुरू बरोबर असेल तरच. धर्मगुरू नसेल तर परस्पर गाडीत घाला आणि न्या, सामान न्यावं तसं. हा त्या कचेरीत खेटे घालायला लागला. तिथला साहेब विचारायचा, धर्मगुरू नाही तर मग तासभर तुम्ही करणार काय? हा म्हणायचा, ते आमचं आम्ही बघू. साहेब म्हणायचा, मग बघा आणि या. हा परत जायचा. शेवटी साहेबाचे केस वाढले, तो याच्याच दुकानात आला, आणि मानेवर वस्तरा असताना कबूल झाला म्हणतात. खरंखोटं तो सलूनवालाच जाणे. पण हॉल मिळाला. आणि गंमत बघा... गंमत कसली... हॉलसाठी सगळ्यात जास्त खेपा यानेच घातल्या, आणि पहिला नंबरही यानेच लावला.

दवाखान्यात मीच होतो त्याच्याजवळ, माझी पाळी होती. तशी माझी पाळी नव्हती, मी बदलून घेतली होती. पडल्या पडल्या मला म्हणतो, "हे बघ, माझ्या वेळेला कुणी प्रार्थना म्हणायची नाही. पण गप्पही उभं राहू नका. मला गप्प माणसं सोसत नाहीत." मी म्हटलं, हे बाईंना सांग, वकिलाला सांग, मला कशाला सांगतोस, मला बोलता येत नाही. तर म्हणाला, "म्हणून तर तुला सांगतोय. ते ठराव करतील. तू बघ." झालं. तू बघ म्हणाला आणि कूस बदलली. आता आली की नाही पंचाईत? जन्मभर ज्याने दांडी वर-खाली केली, त्याच्या गळ्यात हे!

तो गेला. बैठक भरली. मी सगळ्यांना त्याचं म्हणणं सांगितलं, सगळ्यांचे डोळे भरले, आणि डोळे पुसून सगळ्यांनी ठराव करायला घेतले. फुलं? वकील म्हणाला, फुलं सगळ्याच धर्मांत असतात, आपला वेगळेपणा काय? काढा फुलं. फोटो? फोटो ठेवला की माणसं समोर जाऊन हात जोडतात. काढा. गाणं? त्याला आवडायचं ते गाणं भजनाच्या चालीवर आहे, असं सुताराने शोधून काढलं. काढा. दोन मिनिटं शांतता? ती मागे दोघांसाठी पाळून झाली, ही तिसरी होईल. काढा! खुर्च्या? मी जरा सावरून बसलो. बाई म्हणाल्या, खुर्च्या मांडल्या की रांगा होतात, रांगा झाल्या की पुढे कुणीतरी लागतो, पुढे कुणी उभा राहिला की तो धर्मगुरू. खुर्च्या काढा. मी हात वर केला. तो ठरावाच्या बाजूने मोजला गेला. असा काढत काढत कार्यक्रम तयार झाला, एकमताने मंजूर झाला, आणि त्यात काय होतं? काही नव्हतं! सबंध तास, आणि त्यात काही नाही. घरी गेलो, अंथरुणावर पडलो, कूस बदलतोय, उठून पाणी पितोय, परत पडतोय, आमची ही म्हणते, अहो, काय चावतंय का? म्हटलं, ठराव चावतोय.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये ही गर्दी! एवढ्या डोक्यांवरून त्याचा हात फिरला होता, ती सगळी डोकी आली होती. मधे त्याची पेटी. भोवती माणसं उभी. एकही खुर्ची नाही. आणि सगळे वाट बघताहेत, आता कोण काय करतंय. ते आमच्याकडे बघताहेत, आम्ही बाईंकडे बघतोय, बाई जमिनीकडे. एक माणूस खोकला तर सगळे आशेने त्याच्याकडे वळले! तो बिचारा घाबरून मागे सरकला. आणि जे नको म्हणून त्याने मला निक्षून सांगितलं होतं, तेच चाललेलं. सगळे गप्प. त्याला मधे ठेवून सगळे गप्प!

तेवढ्यात त्याची बहीण आली. थोरली. त्याच्या पोरीची आत्या. ती श्रद्धाळू बाई, भावावर जीव, पण त्याच्या या मंडळाचं नाव काढलं की तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या. तिने येताना धर्मगुरूंना बरोबर आणलं होतं आणि बाहेर बाकावर बसवून ठेवलं होतं. बघा हं, सबंध इमारतीत बसायची सोय एकच, आणि ती धर्मगुरूंना! आत्याने हॉलभर नजर फिरवली आणि पोरीला म्हणाली, "अर्धा तास थांबते. माझ्या भावाला असं उतरवून ठेवलेल्या ओझ्यासारखं बघवत नाही मला. तुम्हाला काही जमलं तर ठीक. नाही तर बाहेर ते बसलेत, त्यांना सगळं येतं." पोरगी नर्स आहे, भल्याभल्यांना सुया टोचते, पण तीही आमच्याकडेच बघायला लागली. आणि आत्या चुकीचं काय बोलली सांगा? मी असतो तर पाव तासच दिला असता.

माझं आत काय होत होतं म्हणून सांगू... तू बघ, म्हणाला होता. मी बघत होतो. नुसता बघतच होतो! या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून या पायावर. गुडघ्यात कळ यायला लागली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, म्हटलं आता मी पडणार, आणि लोकांना वाटणार कार्यक्रम सुरू झाला. म्हणून भिंत धरत धरत दाराशी गेलो. आणि दाराबाहेर बघतो तर ही! हीच, ही लाल खुर्ची, त्याच्या दुकानातली. पोरीने सकाळी टेम्पोत घालून आणली होती, बाबा जन्मभर हिच्यामागेच उभे राहिले म्हणून, आणि वकिलाने ती दारातच अडवली होती, ठरावात खुर्च्या नाहीत म्हणून. तिच्या शेजारच्या बाकावर धर्मगुरू. दोघंही बाहेर, दोघंही ठरावात न बसणारे.

मागोमाग आलेल्या पोरीला मी म्हटलं, बाई गं, मी जरा टेकतो. ती म्हणाली, "काका, इथे दारात नको. आत बसा." आणि खुर्ची ढकलायला लागली. लोखंडी खुर्ची ती, पायडलासकट, हलते कसली! मी एका हाताने भिंत धरून दुसऱ्या हाताने ढकलतोय म्हणजे काय, हात लावतोय. तर मागून कुणीतरी जोर लावला. बघतो तर धर्मगुरू. बाह्या मागे सारलेल्या. म्हणाले, डावीकडून घ्या, उंबऱ्यात अडकेल. वकील आडवा यायला निघाला होता, पण ठरावात धर्मगुरूंनी खुर्ची ढकलण्याबद्दल काही नव्हतं, तो तसाच तोंड उघडं ठेवून उभा राहिला.

खुर्ची पेटीशेजारी आली. मी बसलो. आहाहा! तुम्हाला सांगतो, मला दुसरं काही करायचं नव्हतं. शपथेवर सांगतो, मला आपलं बसायचं होतं. पण त्या खुर्चीत बसलं ना की मान आपोआप मागे टेकते. इतक्या वर्षांची सवय. मान टेकली, डोळे मिटले, आणि तोंडातून निघून गेलं... "मागून थोडे कमी कर. कानावरचे राहू दे."

हॉलमध्ये कुणीतरी फसकन हसलं. मग आणखी एक. मग पोरगी हसली आणि हसता हसता रडायला लागली. आणि मी? मला थांबता येईना! त्या खुर्चीत बसून गप्प कोण राहिलंय कधी? मी त्याला सगळं सांगत सुटलो, की तीन दिवस पाण्याला जोर नाही, सुताराच्या सुनेला मुलगी झाली, तुझं दुकान आलं की मी रस्ता बदलतो, गर्दी बरीच जमलीये पण एक जण तोंड उघडेल तर शपथ, बाईंनी सगळं काढून टाकलंय, तुझी बहीण रागावलीये आणि तिचं बरोबर आहे... असं बरंच काही. मग सवयीने म्हटलं, "झालं का?" आणि उठलो, खांदे झटकले, बाजूला झालो.

आणि बघतो तर मागे रांग लागलेली! रांग! जी नको म्हणून खुर्च्या काढल्या, ती आपणहून लागली. तो कचेरीतला साहेब बसला, त्याने वस्तऱ्याची हकीकत सांगितली, पण जरा वेगळी. सुतार बसला. एक जण बसला आणि म्हणाला, याने माझं टक्कल कधी मला कळू दिलं नाही. जो उठेल तो खांदे झटकतोय, एकही केस पडलेला नसताना. मग बाई. बाई बसल्या, चष्मा काढून हातात घेतला. म्हणाल्या, मागे आजारपणात माझे केस जायला लागले तेव्हा याने दुकान बंद करून मला बोलावलं. आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला होता. म्हणाला, बाई, आज आरसा रजेवर आहे. एवढंच बोलल्या आणि उठल्या. खांदे झटकले नाहीत. धर्मगुरूंनी विचारलं, मी बसलो तर चालेल का? आत्याच म्हणाली, बसा. ते म्हणाले, हा केस कापताना दर खेपेला मला एकच विचारायचा, तुमच्या त्या वरच्याचे केस कोण कापतं? मी उत्तर शोधतोय अजून. आता त्याला तिथे दुकान मिळालं असेल, असं म्हणायचा मोह होतो, पण त्याला आवडायचं नाही. म्हणून नाही म्हणत.

शेवटी आत्या. उंचीने एवढीशी, पाय अधांतरी. मी पायडल दाबून खुर्ची खाली घेतली. बसली, पदर सारखा केला, आणि पेटीकडे बघून म्हणाली, "लहानपणी माझ्या बाहुलीचे केस कापलेस. परत येतील म्हणालास. अजून आले नाहीत हं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अर्धा तास कधीच झाला ना?" मी म्हटलं, झाला. म्हणाली, "असू दे."

तर अशी ती खुर्ची. दुकान तर बंद झालं, पोरीच्या घराचा जिना अरुंद, वर चढेना, म्हणून ती इथे आली. आली ती राहिली, आणि तिला उचलून फिरणार कोण, म्हणून बैठकही इथेच राहिली. पहिल्या बैठकीला तिच्यावर कुणी बसलं नाही. दुसऱ्या बैठकीला कुणी बसलं नाही. तिसऱ्या बैठकीला बाईंनी चष्मा खाली ओढला... मला कळलंच! म्हणाल्या, रिकामी खुर्ची आपण अशी मधे ठेवतो, तिच्यावर कुणी बसत नाही, येता-जाता तिला हात लावतो, याला काय म्हणतात? हिची मूर्ती होते आहे. हलवली पाहिजे. वकील म्हणाला, हलवायला माझा विरोध, आधी कारण लेखी द्या. आणि आत्या, हो, आत्या येते ना आता, दर बैठकीला येते, धर्म तिचा तिच्यापाशी आणि विणकाम हातात, ती सुई न थांबवता म्हणाली, हलवून न्याल कुठे? सगळे हलवायचं की नाही यावर बोलले, मत घेतलं, समसमान पडलं, पुढच्या बैठकीवर ढकललं. आणि त्या वादात माझ्या जागेचा सगळ्यांना विसर पडला. काका, उठा, कुणी म्हणालंच नाही! मी खिडकीशी, भिंतीला पाठ लावून, पहिल्यांदा सबंध बैठकभर एका जागी.

ही बघा, बाई आल्या. आता ऐका हं. सगळे माना त्या खुर्चीकडे वळवतील. बाई चष्मा खाली ओढतील आणि म्हणतील, पहिला विषय, ही खुर्ची हलवायची का. वकील म्हणेल, माझा विरोध. आत्या म्हणेल, न्याल कुठे. हात वर होतील, समसमान पडतील, पुढच्या वेळी बघू म्हणतील, आणि मग सगळ्यांना बरं वाटून बैठक सुरू होईल. वर्ष होत आलं, दर खेपेला हेच, शब्दही तेच, क्रमही तोच. मागच्या वेळी वकील उशिरा आला तर त्याचा विरोध होईपर्यंत सगळे थांबून राहिले होते.

हे बाईंच्या लक्षात आलेलं नाही. त्यांना सांगणार कोण? मी तर नाही सांगणार. सांगितलं की त्या हेही बंद करतील, आणि पहिल्यांदा मलाच उठवतील. तुम्हीही बोलू नका हं. बसा.